टोरांटोचे दहा, मुंबईचे बारा

मुरबाडच्या स्टँडवर कंट्रोलच्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट विचारतो, गाडी कधी? बहुतेक कंट्रोलर न बघता सांगतात, येईल. नाना भालेरावांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. ते म्हणत, "एकवीस मिनिटं," आणि पुन्हा लिहायला लागत. विचारणाऱ्याला वाटायचं साहेब गंमत करतोय. एकविसाव्या नाही तर बाविसाव्या मिनिटाला टोकावड्याची गाडी धूळ उडवत आत वळायची.

यात जादू काही नव्हती. कुठल्या दिवशी सरळगावचा बाजार, कुठला ड्रायव्हर कुठे चहाला उतरतो, कुठल्या चढाला कुठली गाडी दम टाकते, हे सगळं त्यांच्या डोक्यात मांडलेलं असे. "वेळ सांगायची तर पोचायची सांगावी," ते म्हणत. "निघाली, निघाली, हे काय सांगायचं? निघालेल्या गाडीचं कौतुक घरी वाट बघणाऱ्याला नसतं."

मी मूळचा शहापूरकडचा, मुरबाड डेपोला कंडक्टर. एकदा गाडीच्या पायरीवरून पडलो, गुडघा गेला, आणि वर्षभर हलकं काम म्हणून मला नानांच्या केबिनमध्ये बसवलं. वर्षाची पुढे चार वर्षं झाली. त्यांच्या हाताखालीच मी काम शिकलो. सगळ्या कंडक्टरांना म्हणतात तसं तेही मला मास्तर म्हणायचे, पण त्यांच्या तोंडी ते थोडं थट्टेचं वाटे.

बुटका, काळासावळा माणूस. खाकी शर्टाची इस्त्री दुपारपर्यंत मोडायची नाही. स्टँडवरचा चहा प्यायचे नाहीत. घरून सुमनकाकी गवती चहा घातलेला कोरा चहा बाटलीत भरून द्यायच्या. रागावले की आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा, आणि ड्रायव्हर लोक त्या उतरलेल्या आवाजाला टरकून असत.

गाडी त्यांनी कोणासाठी थांबवली नाही. पुढारी असो, सरपंच असो. सुमनकाकी एकदा वैशाखऱ्याला, म्हणजे नानांच्याच गावी, लग्नाला निघाल्या होत्या. अकरा दहाची गाडी. काकी पिशवी घेऊन फाटकातून हात करत येत होत्या. मी म्हटलं, "नाना, काकी आल्या." नानांनी बघितलं, घड्याळ बघितलं आणि शिट्टी दिली. गाडी गेली. काकी तडक खिडकीशी आल्या.

"दिसलं नाय काय तुमाला?"

"दिसलं."

"मग?"

"ती अकरा दहाची होती गो. तू अकरा अकराची."

पुढची गाडी तासाभराने. काकी खिडकीखालच्याच बाकावर नानांकडे पाठ करून बसल्या. बाराच्या सुमारास नानांनी गुपचूप स्वतःचा डबा खिडकीतून खाली सरकवला. काकींनी मागे न बघता घेतला, सगळा संपवला, आणि रिकामा डबा वर ठेवून म्हणाल्या, "आता तुमी उपाशी बसा, टाइमात." नाना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्यावर होते, आणि मजेत होते.

त्यांना एकच मुलगी, वैशाली. मुंबईत नर्सिंग शिकली, कल्याणला एका दवाखान्यात दोन वर्षं राहिली आणि मग टोरांटोला एका वृद्धाश्रमात तिला नोकरी लागली. भालेरावांच्या आख्ख्या भावकीत विमानात बसलेली ती पहिली. नानांनी पेढे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावरच्या काळ्या फळ्यावर, आळेफाटा आणि कल्याणच्या मधे, खडूने लिहिलेलं दिसलं: मुरबाड–टोरांटो, मार्गे लंडन. अक्षर नानांचं.

ड्रायव्हर लोकांना आयतंच मिळालं. "नाना, ती वैशाखऱ्याला थांबते का?"

"विनंती थांबा हाय," नाना म्हणाले. "हात कर. थांबली तर बस."

डेपो मॅनेजर यायच्या आत त्यांनी ते पुसलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यातल्या वेळापत्रकात ही एक फेरी वाढली ती वाढलीच. आधी त्यांनी वैशालीच्या शाळेतल्या नकाशावर दोरा धरून अंतर मोजलं, आणि तिला फोनवर सांगितलं. ती हसली. "नाना, नकाशा चपटा असतो. पृथ्वी गोल आहे." नाना कल्याणला जाऊन प्लास्टिकचा पृथ्वीगोल घेऊन आले. तो केबिनमध्ये लॉगशीटांच्या गठ्ठ्यावर असे. त्याच्यावर दोरा ताणला की तो अरबस्तानाकडे न जाता सरळ वर, रशियाच्या डोक्यावरून, बर्फातून जायचा. नानांना ते पटेना. "सपाटीचा रस्ता असताना घाट कशाला चढायचा?" पुढच्या रविवारी वैशालीने समजावलं की गोलावर हा वाकडा दिसणारा रस्ताच सगळ्यात सरळ असतो. त्यावर नानांनी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी माळशेजच्या एका ड्रायव्हरला धरून तेच समजावलं. ड्रायव्हर म्हणाला, "नाना, मला आपला खाली दरी दिसते तेवढा रस्ता पुरे."

साडेबारा हजार किलोमीटर. नऊशेचा वेग. चौदा तास. लंडनवरून गेलं तर थोडं जास्त: टोरांटो–लंडन सात, लंडन–मुंबई नऊ, मधला थांबा वेगळा. हे आकडे ते जपमाळेसारखे म्हणत. मलाही पाठ करायला लावले. जुन्या तिकिटांच्या मागे गणितं घालत: "टोरांटोत रात्रीचे आठ, आपल्याकडे?" साडेदहा मिळवायचे. सकाळचे साडेसहा. तिकडच्या उन्हाळ्यात साडेनऊच मिळवायचे. मी विचारलं, "हा अर्धा तास कुठून आला?" नाना म्हणाले, "तो आपला. आपल्याकडं कायतरी अर्धं असल्याशिवाय जमतं का?"

आणि दर वेळी एक गोष्ट बजावत. तिकिटावर ज्या गावापुढं वेळ लिहिली, ती त्या गावची. टोरांटोपुढं टोरांटोची, मुंबईपुढं मुंबईची. निघण्याच्या वेळेत मिळव, पोचण्याच्या वेळेत मिळवू नको. मी हो म्हणायचो. मी हे लिहितोय ते याच वाक्यापायी.

वैशालीला जाऊन तीन वर्षं होत आली होती. जानेवारीत पहाटे सुमनकाकी गेल्या. झोपेतच गेल्या. मी त्या दिवशी मुक्कामाला मुरबाडलाच होतो, निरोप आला तसा धावलो. नाना भिंतीला टेकून बसले होते, शर्टाची बटणं खाली-वर लागलेली. मला म्हणाले, "मास्तर, पोरीला कळवायला पायजे. तू बघ. माझं डोकं चालत नाय."

नानांच्या घरी फोन नव्हता. स्टँडशेजारच्या बूथवरून मी टोरांटोला लावला. वैशालीला सांगितलं.  ती म्हणाली, "काका, मी येते. मी येईपर्यंत आईला नेऊ नका. नानांना सांगा. मला तिला बघायचंय." मी म्हटलं, सांगतो.

नानांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "थांबायचं."

आमच्याकडे थांबत नाहीत. सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी नेतात. वैशाखऱ्याहून भावकी आली, त्यात नानांचे थोरले चुलतभाऊ होते, दगडूबाबा. ते सगळ्यांदेखत नानांना बोलले, "शंकरा, जन्मभर जित्या माणसासाठी गाडी थांबवली नायस. आता मढं थांबवतोस?"

नानांचा आवाज उतरला. "हां. थांबवतो."

बर्फाच्या लाद्या आणल्या. भुसा आणला. बायकांनी आळीपाळीने बसायचं ठरवलं. तेवढ्यात बूथवाला मला बोलवायला आला, परत फोन होता. वैशाली निघाली होती, आणि तिच्याबरोबर राहणारी एक पंजाबी मुलगी तिच्या तिकिटावरच्या वेळा वाचून सांगत होती. "लिख लो भैया. टोरांटो रात दस बजे. लंडन सुबह दस. फिर लंडन से रात साढ़े नौ. मुंबई बारह बजे दिन में." मी वेबिलाच्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदाच्या, पाठीवर लिहून घेतलं.

घरी येताना हिशेब केला. टोरांटोचे दहा, अधिक साडेदहा, आपले सकाळचे साडेआठ. बरोबर. मग मुंबईचे बारा. ती मुलगी तिकडून बोलत होती, सगळ्या वेळा मला तिकडच्याच वाटल्या. बारा अधिक साडेदहा, उद्या रात्रीचे साडेदहा. उतरून, सामान घेऊन मुरबाडला यायला परवा पहाटेचे दोन.

नानांच्या कानाशी मी म्हणालो, "उद्या रात्री साडेदहाला उतरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिळवलंस?"

"मिळवलं."

त्यांनी मान हलवली, उठले, आणि जमलेल्या लोकांना स्वतः सांगितलं: उद्या रात्री साडेदहाला विमान येतं. एवढ्या वर्षांत त्यांनी सांगितलेली वेळ कोणी तपासली नव्हती. तेव्हाही कोणी तपासली नाही.

पहिला दिवस, पहिली रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ निम्मा झाला होता आणि बर्फाच्या कारखान्यात लाद्या उरल्या नव्हत्या. दगडूबाबांनी नानांना बाजूला घेतलं. या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. "शंकरा, अजून एक रात नाय निघायची. पोरीला ती तशी दाखवणार काय तू? त्यापरीस आठवण बरी." नाना आत जाऊन उरलेला बर्फ बघून आले. मग म्हणाले, "संध्याकाळी असती तर मी कोणाचं ऐकलं नसतं. पण रात्रीचे दोन. नाय निघायचं." आणि एक वाजता न्यायचं ठरलं.

आता जे सांगायचं ते इथे.

साडेअकराला मी मागच्या अंगणात पाणी तापवायला लाकडं सारत होतो. आत बायका काकींना आंघोळ घालत होत्या. वेबिलाचा कागद खिशातच होता. का कोण जाणे, मी तो काढला. लंडन, रात्री साडेनऊ. नानांचे आकडे आपोआप तोंडात आले. लंडन–मुंबई नऊ तास. लंडनचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. तीन आणि नऊ, बारा. दुपारचे बारा. आजचे.

ती उतरतच होती. अजून अर्ध्या तासाने. चारला घरी.

साडेचार तास थांबायचं होतं. बर्फ तेवढा नक्की पुरला असता. मला उठून दहा पावलं जायचं होतं आणि म्हणायचं होतं, नाना, मी चुकलो, पोरगी चारला येते. मी उठलोसुद्धा. दारात दगडूबाबा होते, वैशाखऱ्याची तीसेक माणसं अंगणात होती, पांढरी वस्त्रं घालून बौद्धाचार्य येऊन बसले होते. या सगळ्यांना काल नानांनी माझाच हिशेब सांगितला होता. मला वाटलं, माझा आत्ताचा हिशेबही चुकीचा असला तर? मला वाटलं, विमान उशिरा येईल, विमानं येतातच उशिरा. मला असं बरंच काही वाटलं. खरं एवढंच, की मला लाज वाटली. मी परत खाली बसलो आणि लाकूड सारलं.

वंदना झाली. एक वाजता नेलं. नाना टाइमाला पक्के.

चार वाजून दहा मिनिटांनी कल्याणहून आलेली टॅक्सी दारात थांबली. वैशाली उतरली. अंगणात माणसं अजून होती, ओल्या केसांची, नुकतीच आंघोळ केलेली. ते केस बघूनच तिला कळलं. ती ओरडली नाही. नानांसमोर उभी राहून म्हणाली, "मी बारा कळवले होते."

नाना म्हणाले, "आं?"

"दुपारी बारा. नाना, तिकिटावर मुंबईची वेळ मुंबईची असते. हे तुम्हीच मला सांगितलंत. तुम्हाला हिशेब आला नाही? तुम्हालाच?"

मी तीन हात अंतरावर उभा होतो. नानांनी एकदा माझ्या दिशेने पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या कुंपणाकडे, हे मला आजही सांगता येत नाही. मग ते म्हणाले, "चुकलो गो. मीच चुकलो."

मी तेव्हाही बोललो नाही.

वैशाली चौथ्या दिवशी गेली. मी तिच्या टॅक्सीत बॅग ठेवली. मला म्हणाली, "काका, तुम्ही खूप केलंत." रविवारचे फोन आधी महिन्यावर गेले, मग बंद झाले. नाना बूथवर जाऊन बसायचे, बूथवाला म्हणायचा, "नाना, घरी जा, आला तर मी बोलवतो." ते उठायचे आणि पुढच्या रविवारी परत यायचे. त्यांनी स्वतः फोन लावला तर ती दोन वाक्यं बोलायची. तब्येत बरी आहे. इकडे थंडी आहे.

कामात ते बदलले. ते नुसतं खचणं नव्हतं, त्याहून वाईट काही होतं. खिडकीशी कोणी विचारलं, गाडी कधी, तर ते माझ्याकडे बघत आणि म्हणत, "मास्तर, सांग." मी आकडा सांगे. बरोबर यायचा. ते मान हलवत. पृथ्वीगोल त्यांनी कोणाच्या तरी पोराला देऊन टाकला. निवृत्तीला दोन वर्षं होती, पण त्यांनी आधीच नोकरी सोडली.

सात-आठ वर्षांत मी त्यांच्याकडे सांगायचं म्हणून किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. दर वेळी तांदूळ, भाजी, कधी तानशाच्या तळ्यातले मासे घेऊन जायचो. एकदा मात्र सुरुवात केली. ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, "नाना, काकींच्या वेळी ते विमानाचं..."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याच, गेलेल्या गुडघ्यावर. "मास्तर, तू होतास म्हणून निभावलं रे. बर्फ तू आणलास, लाकडं तू बघितलीस. मला तर काय सुचत नव्हतं. माझ्या हातून घोटाळा झाला, पण तुझ्याकडून काय कमी पडलं नाय."

त्यांना ठाऊक होतं आणि ते मला झाकत होते? की खरंच त्यांनी ते स्वतःचं मानलं होतं? दोन्हींपैकी कुठलं अधिक वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मी चहा पिऊन उठलो.

नाना गेले ते भाद्रपदात, दुपारी, दोन दिवसांच्या तापाने. मला कळलं तेव्हा मी शहापूरला होतो. पोचलो तोवर दगडूबाबांचे मुलगे आले होते; दगडूबाबा स्वतः आता नव्हते. वैशालीचा नंबर फक्त माझ्याकडे होता. ओट्याच्या कडेला उभा राहून मी मोबाईलवरून लावला. तिकडे पहाट व्हायची होती.

तिने ऐकलं. मागे कुठे तरी एक लहान मूल कुरकुरत होतं; तिला मूल आहे हे नानांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. ती काही बोलायच्या आत मी बोललो. इतकी वर्षं जे दहा पावलं चाललं नव्हतं ते एका दमात आलं. हिशेब माझा होता. कागद माझ्याकडे होता. काकींना न्यायच्या आधी दीड तास मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. नानांचं काही चुकलं नव्हतं.

मूल कुरकुरायचं थांबलं. 

"हे त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगता?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उतरलेला होता. आणि फोन बंद झाला. येते म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही. मी परत लावला. लागला नाही.

दगडूबाबांचा थोरला मुलगा जवळ आला. "काय म्हणते ताई? थांबायचं का?"

मी म्हटलं, "थांबायचं."

आता शवपेटी मिळते, विजेवर चालणारी. वाशिंदहून मागवली. रात्र गेली. दुसरा दिवस उजाडला. फोन केल्यापासून तिला पोचायला मी चोवीस तास धरले, वर दोन धरले. चार वाजले. कल्याण रस्त्यावरून येणारी प्रत्येक गाडी वळणावर हळू व्हायची आणि पुढे जायची. पाच वाजले. पावसाळ्याचा उजेड, तो भराभर जायला लागला. पोरं तिरडीचा दोर घेऊन उभी राहिली होती.

शेवटचं म्हणून मी काचेशी वाकलो. कोणीतरी नानांचे केस विंचरले होते, आणि भांग डावीकडे पाडला होता. नाना उजवीकडे पाडायचे. पेटी उघडायला लावून तो नीट करावा असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेर एक गाडी थांबल्याचा आवाज आला. सगळे वळले. मीही वळलो. दूधवाल्याचा टेम्पो होता. आम्हाला बघून त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढून उभा राहिला.

परत वळलो तेव्हा काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती, आणि खाली चेहरा नीट दिसत नव्हता.

"मास्तर," दगडूबाबांचा मुलगा म्हणाला, "अजून किती?"

मला सांगता येईना.